अमेरिका, नांदेडच्या जरा पुढं

एकेकाळी मी अमेरिका उचलून नांदेडच्या जरा पुढं नेऊन ठेवली होती. चांगली चार वर्षं ती तिथंच होती. नातेवाईक, शेजारी, दूधवाला, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, जो विचारील त्याला मी ती तिथंच दाखवली, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. कारण मी साधीसुधी बाई नव्हते. एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत बसणारी बाई होते.

आधी इंदापूर आणि मग बारामती, अशी दोन स्टँडवर मिळून तीस वर्षं मी त्या खिडकीत काढली. कुठली गाडी कधी सुटते, कुठल्या फलाटाला लागते, वाटेत चहाला कुठं थांबते आणि तो चहा पिण्यासारखा असतो का, हे सगळं मला तोंडपाठ. कुणी विचारलं, की मी क्षणभर डोळे मिटायची आणि सांगायची. डोळे मिटायची गरज नव्हती, पण मिटले की लोकांचा विश्वास बसतो. घरातही तीच तऱ्हा. कुणी परगावी निघालं, की आधी देवाला नमस्कार, मग मला प्रश्न. हळूहळू मला वाटायला लागलं, की गाड्या माझ्यामुळंच वेळेवर पोचतात. ती बाई आज माझ्यासमोर आली, तर मी तिला दंडाला धरून खिडकीतून बाहेर काढीन आणि भर उन्हात रांगेत उभी करीन.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. परवा तिनं मोबाइलवर एक पान उघडलं. त्यात दोन विमानतळांची नावं टाकली, की मधलं अंतर आणि लागणारा वेळ येतो. तिनं मुंबई टाकलं, सॅन फ्रान्सिस्को टाकलं. साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपासचा आकडा आला. कार्टीनं तो मोठ्यानं वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आजी, यातून नांदेड वजा करू का?"

ही माझी नात जन्मली तेव्हा तिच्याच पाळण्याभोवती माझी अब्रू गेली. म्हणून तिला एवढं बोलायचा हक्क आहे.

झालं असं. लेक शिकून नोकरीला अमेरिकेत निघाली, तेव्हा तिचं तिकीट मी हातात घेतलं. आम्ही चौकशीवाली माणसं तिकीट वाचत नाही, हुंगतो. पहिली ओळ बघायची आणि शेवटची बघायची, मधल्या थांब्यांत डोकं घालायचं नाही. मुंबई, रात्री दोन. सॅन फ्रान्सिस्को, सकाळी साडेअकरा. तारीख तीच. साडेनऊ तास! मला तर हसूच आलं. इंदापूरवरून नांदेडला जाणारी गाडी साडेआठ-नऊ तास घेते, आणि तिला वाटेत खड्डे असतात. ढगात कसले आलेत खड्डे?

"एवढं काय रडता?" मी घरातल्यांना म्हणाले. "नांदेडच्या जरा पुढं तर जायचंय तिला."

आता कुणी म्हणेल, बाई, तिकडं रात्र असते तेव्हा इकडं दिवस असतो, एवढंही ठाऊक नव्हतं? होतं की! लेकीचा फोन यायचा तेव्हा आमच्याकडं सकाळची पोळी तव्यावर असायची आणि ती जांभया द्यायची. पण मला महाबळेश्वरला थंडी असते हेही ठाऊक होतं. म्हणून महाबळेश्वरच्या गाडीची वेळ बदलते का? तिकडची रात्र ही मी तिकडच्या हवामानात धरली होती.

आमच्या ह्यांना मात्र एकदा शंका आली. शाळेत कारकुनी केलेला माणूस, बेरीज-वजाबाकी पक्की. एका दिवाळीत करंज्यांना मुरड पडत नव्हती म्हणून मी चिडले होते, तेव्हा हे हळूच म्हणाले, "काय गं, नांदेडची पोरं दिवाळीला येतात. मग आपली का येत नाही?"

"रजा मिळत नाही," मी म्हणाले. "त्यात अंतराचा काय संबंध?"

त्यांनी एक फुटकी करंजी तोंडात टाकली. मी मुरडायला दुसरी घेतली. खरं सांगायचं तर मला तो हिशेब कुणी तपासायला नकोच होता. पोर नांदेडच्या जरा पुढं आहे असं म्हटलं, की मला झोप लागायची.

चार वर्षांत ती एकदाही आली नाही. भावाच्या लग्नालासुद्धा नाही. रजेचा अर्ज नामंजूर झाला आणि तिच्या जागी तिची चुलत बहीण करवली झाली. ही इंदापूरची पुतणी मोठी हौशी. इतकी, की फोटोत नवरी कोण आणि करवली कोण हे सांगावं लागतं. लेकीनं तिकडं ते फोटो बघितले आणि आठ दिवस फोन केला नाही.

मग मुलाला मुलगी झाली. आमच्याकडं बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं पाळण्यात वाकून कानात नाव सांगायचं आणि मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मान आणि मार एकदमच मिळतो. बातमी कळली तशी लेक फोनवर ओरडली, "आई, करवली दुसरी झाली ती झाली. नाव मीच ठेवणार. मी ठरवलंय, आणि ते बाळाच्या कानात सांगेपर्यंत कुणालाही सांगणार नाही. तुलासुद्धा नाही."

दोन दिवसांनी परत फोन. "रजा मिळाली! शुक्रवारी सकाळी दहाचं विमान आहे. त्या हिशेबानं बारसं ठेवा. आणि हे बघ आई, पोचायला मला—"

"ते मला सांगू नकोस," मी म्हणाले.

"अगं, ऐक तरी. मधे जर्मनीत—"

"थांबे सांगू नकोस गं! शुक्रवारी सकाळी दहा ना? बास. उरलेलं माझ्यावर सोड. तीस वर्षं काय खिडकीत माशा मारल्या मी?"

तिनं सोडलं. बिचारी माझ्याच पोटची. लहानपणापासून सहलीच्या गाडीची वेळसुद्धा तिनं मलाच विचारलेली.

मी बोटं मोजली. सकाळी दहाला सुटली, साडेनऊ तास, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला मुंबई. मुलगा गाडी घेऊन जाईल. थोडी विश्रांती, की शनिवारी सकाळी पोरगी बारशाला हजर. शनिवार म्हणजे बाळाचा बारावा दिवस. देव आणि वेळापत्रक असं क्वचित जुळतं.

बारसं होतं लोणी देवकरला, सुनेच्या माहेरी. माझी विहीण म्हणजे पंचक्रोशीत एकहाती दोनशे पानं उठवणारी बाई. व्याही तिथल्याच कारखान्यात पाळीवर जाणारे. आजूबाजूची सगळीच माणसं कारखान्यात. विहीण म्हणाली, "विहीणबाई, रईवारी ठिवू की बारसं. कंपनीतली मानसं रईवारी मोकळी असत्यात. शनवारी ह्यास्नी पाळी बदलून घ्यावी लागंल."

"छे छे," मी म्हणाले. "बारावा दिवस म्हणजे बारावा दिवस. आणि आत्या शनिवारी सकाळी हजर होतेय. तिला कशाला एक दिवस ताटकळत ठेवायची?"

"येईल ना पर ती येळंवर? लांबचा पल्ला हाय."

तेव्हा मी जे वाक्य बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्याची मला नंतर आठवण करून देण्यात आली. मी म्हणाले, "विहीणबाई, तीस वर्षं त्या खिडकीत बसले. हजारो माणसं वाटेला लावली. एकही माणूस तक्रार घेऊन माघारी आला नाही."

"बरं बाई," विहीण म्हणाली, आणि शनिवार ठरला.

शुक्रवारी दुपारीच मुलाला मुंबईला पिटाळला. जाताना त्यानं विचारलं, "आई, ताईनं पोचायची वेळ हीच सांगितलीय ना?" मी म्हणाले, "तिनं कशाला सांगायला हवी? मी सांगतेय ना." बाप झाल्यापासून त्याची झोप झाली नव्हती. झोप न झालेला माणूस वाद घालत नाही.

संध्याकाळी पावणेआठला त्याचा फोन आला. "आई, बोर्डावर तिचं विमानच नाही."

"उशीर असेल. फलाट बदलला असेल. चौकशीवर विचार की!"

"विचारलं. ती बाई म्हणतेय, आज तिकडून निघालेलं विमान आज इथं कसं येईल?"

"नवीन असेल ती," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाला विचार."

पाच मिनिटांनी परत फोन. आता त्याचा आवाज बदलला होता, हसू आणि रडू यांच्या मधला. "आई, मी ताईच्या मोबाइलवर फोन लावून बघितला."

"विमानात फोन लागतो?"

"विमानात नाही लागत. तिच्या घरी लागला. तिकडं आत्ता शुक्रवारची सकाळ आहे. बॅगेची चेन लागत नाही म्हणून ती बॅगेवर बसलीय. मी म्हटलं, ताई, मी तुला घ्यायला मुंबईच्या विमानतळावर उभा आहे. ती म्हणाली, इतक्या लवकर का आलास?"

मी भिंतीला टेकले. म्हणजे ज्या गाडीची आम्ही शेवटच्या थांब्यावर वाट बघत होतो, ती अजून फलाटालाही लागली नव्हती!

मग लेकीचा फोन आला आणि तिनं सगळं समजावून सांगितलं. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा तेरा-एक तास मागं. जाताना घड्याळ तुमच्या बाजूनं पळतं, येताना ते उलटं फिरून सगळं वसूल करतं. ते साडेनऊ तास दिसायचे, खरे लागायचे बावीस-तेवीस. ती शनिवारी रात्री नऊ-साडेनऊला मुंबईत उतरणार होती. बारसं शनिवारी दुपारी बाराला. "आई," ती शेवटी एवढंच म्हणाली, "मी समजले होते, तू रविवारच धरला असशील." आणि विमानाची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला. ती ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "मग आता अमेरिका कुठं ठेवायची?"

मुलगा म्हणाला, मी काही माघारी येत नाही. येऊन परत जाण्यात जेवढा वेळ जाईल तेवढा गाडीतच झोपतो, बारशात बापाचं तसंही काय काम असतं? आणि तो खरोखर झोपला. आमच्या अख्ख्या घरात त्या प्रकरणाचा फायदा झालेला तो एकटाच.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं एसटीनं लोणीला निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी उशिरा पोचावी म्हणून देवाला हात जोडले. ती दहा मिनिटं आधी पोचली. वाटेत मी एक युक्तिवाद घोटून तयार केला होता. वेळेनं माझा घात केला होता ना? मग वेळेलाच कामाला लावायची.

विहिणीच्या दारात मांडव. पाळण्याला झेंडूच्या माळा आणि फुगे. चुलीवर लापशीचं पातेलं, शेजारी घुगऱ्यांची परात. विहीण कपाळावरचा घाम पदरानं पुसत बाहेर आली, आमच्या मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

"आत्या कुठं हाय?"

मी घसा साफ केला. "विहीणबाई, आधी मला सांगा, बारावा दिवस कुणाच्या घड्याळानं मोजायचा? नाव ठेवते आत्या. मग घड्याळ आत्याचं धरायला पाहिजे. तिच्या घड्याळात आत्ता शुक्रवार चाललाय. म्हणजे अकरावाच दिवस! तिचा शनिवार उद्या दुपारपर्यंत पुरतो. तेव्हा खरं म्हणजे बारसं उद्या सकाळीच—"

"आत्या कुठं हाय?"

"जर्मनीत," मी म्हणाले.

विहिणीनं हातातली पळी बघितली, मला बघितलं. "मग जर्मनीचं घड्याळ का धरत न्हाय तुमी?"

मी तोंड उघडायच्या आत तिनं पळी माझ्यावर रोखली.

"आवं विहीणबाई, मी रईवार म्हनत हुते. तुमी म्हनला शनवार. ह्यांनी पाळी बदलून घेतली. दीडशे मानूस येतंय. आता ती लापशी चुलीवर हाय, ती कुठल्या घड्याळावर शिजती ते सांगा!"

"लापशी शिजू दे. नाव तेवढं उद्या—"

"न्हाय. मानसं नाव ऐकाया येत्यात, लापशी घरी बी मिळती. तुमची इंदापूरची पुतनी आलीया, ती बी आत्याच की. बारा वाजता ती नाव ठिवंल." आणि ती आत गेली.

पुतणी खरंच आली होती. पैठणी नेसून, नथ घालून, पाळण्याच्या दोरीला हात लावून फोटोसुद्धा काढून झाला होता. मला बघून म्हणाली, "काकू, काळजी करू नका. मी आहे ना!" तिचा काही दोष नव्हता, पण मला ती नथ ओढावीशी वाटली.

सून आतल्या खोलीत बाळ मांडीवर घेऊन बसली होती. बाळाच्या अंगावर कुंची, डोक्याला टोपडं, तोंडाचा चंबू. मी त्या कानाकडं बघत बसले. एवढासा कान, कडेला गुलाबी. चार वर्षं ज्या पोरीला मी नांदेडच्या जरा पुढं म्हणून थोपटत होते, तिला तो कान आज नऊ-दहा तासांनी हुकणार होता. आणि हुकवणारी मी.

साडेअकराला माझा फोन वाजला. लेक. मागं त्या विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती, बाई माझ्यापेक्षा स्पष्ट बोलत होती.

"आई, मावशींना फोन दे."

मी चुलीपाशी गेले आणि काही न बोलता फोन पुढं केला. विहिणीनं पीठ लागलेल्या बोटांनी तो धरला, कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि लेकीचा आवाज सगळ्या बायकांना ऐकू यायला लागला.

"मावशी, तुम्ही थांबू नका हं. सगळी माणसं जमलीत. बाळाला बिननावाचं ठेवू नका माझ्यासाठी. इंदापूरच्या ताईला ठेवू दे नाव. फक्त… मी ठरवलेलं नाव आहे ना, ते मी तुमच्या कानात सांगते. तुम्ही तिला सांगा. चालेल?"

पोळ्या लाटणारे हात थांबले. पुतणीसुद्धा दोरी सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

विहिणीनं फोन तोंडाजवळ नेला. मग एकदम खेकसली, "माझ्या कानात कशाला? माझं बारसं झालंय कवाच!"

पलीकडून हुंदका आला की हसू, कळलं नाही.

"काय खाल्लंस का न्हाय तितं?"

"कॉफी घेतली, मावशी."

"कॉफीनं काय हुतंय? काय तरी खा. आन नाव तुझं तुझ्यापाशीच ठिव. पोरीचा कान हितंच हाय, कुठं पळून चाललाय? ये तू."

फोन तिनं परत दिला. माझ्या हातात नाही, माझ्या शेजारच्या बाईच्या हातात. त्या क्षणापासून विहीण माझ्याशी बोलायची थांबली.

मांडवात जाऊन तिनं जे सांगितलं ते ऐकून मात्र मी गार झाले. कमरेवर हात ठेवून ती सगळ्यांना म्हणाली, "ऐका! नाव उद्या सकाळी हाय. आत्याच्या तिकडं आज अजून शुक्कीरवारच चाललाय. तिच्या घड्याळानं अकरावाच दिस हाय. समजलं का? आता पाळना म्हना आन जेवाया बसा."

माझाच युक्तिवाद! अर्ध्या तासापूर्वी तिनं पळीनं उडवून लावलेला! पण तिच्या तोंडून तो शास्त्रासारखा वाटला. कुणी हूं की चूं केलं नाही. अधिकार कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तो खिडकीत बसून येत नाही.

एक शंका तेवढी निघाली. विहिणीचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, खांबाला टेकून बसले होते. तरुणपणी त्यांनी मेंढरं घेऊन सगळा मुलूख पायाखाली घातलेला. आता कानानं कमी. त्यांनी मला हाकारून विचारलं, "आत्याबाई कुठवर आली म्हनं?"

"जर्मनीत आहे, आबा."

"तितनं हितंवर मुक्काम किती?"

"तिथलाच एक. मग सरळ मुंबई."

"तितं पानी हाय का?"

"आहे, आबा."

"मग येतीया ती," आबा म्हणाले आणि त्यांनी घुगऱ्यांची मूठ तोंडात टाकली. माझ्या हिशेबापेक्षा त्यांचा हिशेब लोकांना जास्त पटला.

पाळणा म्हटला गेला, सुंठवडा वाटला गेला, पंगती उठल्या. फक्त नाव नव्हतं. जाताना जो तो विचारी, "मग नाव काय ठेवलं?" आणि ओट्यावरून कुणीतरी उत्तर देई, "नाव जर्मनीत हाय." एका म्हाताऱ्या बाईनं तर डोळ्याला पदर लावला, "आरं देवा, जर्मनीवाल्यांनी आडवलं का?" संध्याकाळपर्यंत सगळ्या लोणीत झालं, की एक नाव विदेशातून मागवलंय आणि ते वाटेत अडकलंय.

विहीण माझ्याशी बोलत नव्हती, पण पाहुणचारात मीठ कमी पडू दिलं नाही. मी समोर बसलेली असताना भिंतीला सांगे, "चहा ठिवलाय म्हनावं." सुनेला सांगे, "तुझ्या सासूबाईस्नी विचार, लापशीवर तूप घालू का." मी म्हणाले, "घाला." ती सुनेला म्हणाली, "काय म्हनत्यात?" हे शेजारी बसून मजेत जेवत होते. त्यांनी दोनदा लापशी घेतली. मला म्हणाले, "बघ, तुझ्यामुळं आज विहिणीचा आणि तुझा दोघींचा आवाज बंद. सोयरीक झाल्यापासून एवढं शांत जेवण झालं नाही."

रविवारी उजाडता उजाडता गाडी दारात आली. आधी मुलगा उतरला, झोप काढून ताजातवाना. मग लेक. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अंगावर तीन देशांच्या सुरकुत्या. माझ्याकडं बघून हसली, पण थांबली नाही. हातपाय धुतले, कुणीतरी तिच्या खांद्यावर पदरासारखी ओढणी टाकली आणि ती पाळण्याकडं गेली. उशिरानं का होईना, घरच्या आणि गल्लीतल्या बायका जमल्याच. पुतणी तर रात्री राहिलीच होती, तीच पैठणी नेसून. तिनंच पुढं होऊन पाळण्याचा पडदा बाजूला धरला.

लेक वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. काहीतरी पुटपुटली. आणि मागून धपाटे सुरू झाले. चार वर्षांचे थकलेले सगळे धपाटे एकदम. पुतणीनं करवलीपणाच्या परतफेडीचे दोन जास्त घातले. लेक ओरडत होती, हसत होती, आणि तिचं डोकं तसंच पाळण्याच्या कडेवर टेकलेलं. बायका थांबल्या तरी ते वर होईना. मी घाबरून पुढं झाले.

ती झोपली होती. वाकलेल्या अवस्थेत, एक हात पाळण्यात. बाळानं तिचं बोट मुठीत धरलं होतं.

मी तिचं डोकं सावरून धरलं आणि तिथंच उभी राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की अमेरिका किती लांब आहे. साडेतेरा हजार हा आकडा पुढं खूप वर्षांनी नातीनं दाखवला, पण मला तो त्या दिवशीच तिच्या मानेत दिसला होता. रडू आलं. मी पदर तोंडाला लावला.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. हातात चहाची बशी. विहीण. कालपासून तिनं माझ्याकडं सरळ बघितलं नव्हतं. आता बघितलं. बशी माझ्या हातात दिली, माझ्याच हातात, शेजारणीच्या नाही. आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"विहीणबाई, तीस वर्षांत एक बी मानूस तक्रार घिऊन तुमच्या खिडकीव माघारी आला न्हाय म्हनला हुता, त्येचं कोडं मला आज सुटलं. आवं, त्यातलं कुनी पोचलंच नसंल!"